डोक्याला करंट लावून विमान उडवायला लवकर शिकायचंय? मग निदान नीट पद्धतीने करा

२०१६ च्या फेब्रुवारीत एक बातमी सगळीकडे फिरली होती, की शास्त्रज्ञांनी पायलटच्या मेंदूतलं ज्ञान काढून दुसऱ्याच्या डोक्यात घातलं, आता शिकायची गरजच नाही वगैरे. ती बातमी अजूनही दर काही महिन्यांनी कोणीतरी नव्याने शेअर करतं आणि खाली "मशीन कुठे मिळेल" अशी रांग लागते. म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकू, यात खरं काय आहे, आणि ज्यांना सिम्युलेटरवर हे करून बघायचंच आहे (क्लबवाले, इन्स्ट्रक्टर, कॉलेजच्या लॅबमधली पोरं) त्यांनी ते कसं करावं.

आधी मूळ प्रयोग काय होता ते. कॅलिफोर्नियातल्या मालिबूची एचआरएल लॅबोरेटरीज, त्यांनी ३२ लोक घेतले, विमान कधीच न चालवलेले. चार गट केले. दोन गटांना खरा करंट, एकाला कपाळाच्या वरच्या बाजूला म्हणजे प्रीफ्रंटल भागावर, दुसऱ्याला मोटर कॉर्टेक्सवर (मेंदूचा हालचाली चालवणारा भाग), आणि उरलेल्या दोन गटांना त्याच जागांवर खोटा, म्हणजे पट्ट्या लावायच्या पण परिणाम होईल इतका करंट द्यायचा नाही. सलग चार दिवस सिम्युलेटरवर लँडिंग आणि सोबत स्मरणशक्तीची एक कसरत. निघालं काय, तर प्रीफ्रंटलवाल्यांच्या कामगिरीत सातत्य जास्त दिसलं, बातम्यांमध्ये जो ३३ टक्क्यांचा आकडा फिरतो तो या सातत्याचा आहे. म्हणजे लोक ३३ टक्के लवकर पायलट झाले असं अजिबात नाही, त्यांच्या लँडिंगमधला विखुरलेपणा कमी झाला. आणि ज्ञान वगैरे कुठून कुठे गेलं नाही, दोन मिलीअँपच्या आसपासच्या करंटमध्ये रडर कधी दाबायचा ही माहिती बसतच नाही.

हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं होतं. तुम्ही सराव करताय, करंट फक्त त्या सरावाच्या वेळी मेंदूच्या पेशी थोड्या जास्त तयार ठेवतो, आणि तेही झालं तर. सराव शून्य असेल तर शून्याला कितीही करंट लावा.

या प्रकाराला टीडीसीएस म्हणतात, म्हणजे डोक्यावर दोन पट्ट्या ठेवून त्यातून अगदी बारीक, एकाच दिशेने वाहणारा करंट सोडायचा. २००० साली जर्मनीत गॉटिंगेनला नित्शे आणि पाउलुस यांनी दाखवलं की मोटर कॉर्टेक्सवर असा करंट दिला की तिथल्या पेशींची उत्तेजना वरखाली होते, तिथून याची लाट आली. साधारण १ ते २ मिलीअँप, २० मिनिटं, हा प्रयोगशाळांमधला नेहमीचा डोस.

आता कोणी करायचंच नाही ते सांगतो, हे वगळून पुढे उडी मारू नका. कधीही फिट आलेली असेल, डोक्यात किंवा मानेत धातूचं काही बसवलेलं असेल, पेसमेकर असेल, गरोदर असाल, डोक्याच्या कातडीवर जखम किंवा त्वचेचा आजार असेल, मानसिक आजारावर किंवा फिटवर गोळ्या चालू असतील (काही गोळ्या या करंटचा परिणाम बदलतात), तर नाही म्हणजे नाही. अठराच्या आतल्या पोरांवर तर प्रयोग करूच नका. डिप्रेशनच्या उपचारात हे वापरताना काही रुग्णांना मेनिया (मूड बेफाम चढण्याचा आजार) झाल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे "एवढासा करंट, काय होणार" हे बोलणं सोडा. आणि तुमच्याकडे पायलटचं मेडिकल, म्हणजे वैद्यकीय प्रमाणपत्र असेल तर ज्या डॉक्टरांकडून ते घेता त्यांना आधी विचारा, नंतर कळवू हा विचार करू नका.

दुसऱ्या बाजूने हेही सांगायला हवं की नीट मर्यादेत दिलेल्या करंटचा रेकॉर्ड बराच चांगला आहे. २०१६ मध्ये एका मोठ्या आढाव्यात ३३,००० हून जास्त सेशन तपासली, ४० मिनिटांपर्यंत आणि ४ मिलीअँपपर्यंतची, त्यात गंभीर इजा सापडली नाही. पण ती सगळी लॅबमधली, मोजूनमापून केलेली सेशन होती. घरी ९ व्होल्टची बॅटरी आणि दोन वायरी घेऊन बसलेल्या माणसाचा त्यात समावेश नाही. त्याच वर्षी या क्षेत्रातल्या संशोधकांनी घरी करणाऱ्यांसाठी एक खुलं पत्र छापलं होतं, त्याचा सूर असा, की रोज रोज महिनोन्‌महिने केलं तर काय होतं ते आमच्याकडेच नीट तपासलेलं नाही, तुम्ही कशाच्या भरवशावर करताय.

बॅटरी का नको ते थोडं समजून घ्या, कारण इथेच लोक फसतात. कातडीचा विरोध सारखा बदलत असतो, घाम आला, स्पंज सुकला, केस मध्ये आले. बॅटरी व्होल्टेज धरून ठेवते, करंट नाही, त्यामुळे विरोध बदलला की करंटही बदलतो. खरं यंत्र करंट धरून ठेवतं आणि विरोध फार वाढला की स्वतःहून बंद होतं. वर ते करंट हळूहळू चढवतं, अर्ध्या मिनिटात वगैरे, एकदम नाही. एकदम चढला किंवा एकदम तुटला की डोळ्यासमोर चमक येते, माणूस दचकतो.

पट्ट्यांचं म्हणाल तर ५ बाय ७ सेंटिमीटरचा स्पंज, मिठाच्या पाण्यात भिजवलेला, हा नेहमीचा. ३५ चौरस सेंटिमीटरवर २ मिलीअँप पसरतो तेव्हा तो सौम्य असतो, तोच करंट छोट्या पट्टीतून दिला की तेवढ्याशा कातडीवर गर्दी होते आणि भाजतं. स्पंज चिंब हवा पण गळणारा नको, पाणी गळून दोन्ही पट्ट्यांमध्ये ओघळ आला की करंट कातडीवरूनच निघून जातो, आत काही पोचत नाही. अर्धा सुकला तरी तेच, उरलेल्या ओल्या ठिपक्यावर सगळा भार येतो. मुंग्या येणं, खाज, जागा लाल होणं, थोडं डोकं दुखणं हे चालतं. टोचल्यासारखं किंवा चटका बसल्यासारखं वाटलं तर त्याच क्षणी बंद, "थोडं सहन कर" असं कोणाला सांगायचं नाही.

एक मजेशीर (म्हणजे विकणाऱ्यांसाठी मजेशीर नसलेली) गोष्ट, २०१८ मध्ये मृतदेहांवर मोजमाप करून दाखवलं गेलं की बाहेरून दिलेल्या करंटपैकी साधारण तीन चतुर्थांश कातडी आणि कवटीतच अडतो. आत जातो तो उरलेला.

जागा कशी शोधायची? ईईजीवाल्यांची (मेंदूच्या लहरी मोजणाऱ्यांची) १०-२० पद्धत वापरा. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत टेप, कानापासून कानापर्यंत टेप, आणि त्यांचे ठराविक टक्के. प्रीफ्रंटलसाठी डावीकडे एफ३ आणि उजवीकडे एफ४, मोटरसाठी सी३. या जागा दाखवणारी टोपी मिळाली तर उत्तम, दर वेळी तीच जागा येते. आणि लोक हमखास विसरतात ती दुसरी पट्टी. करंट दोन पट्ट्यांच्या मधून जातो, त्यामुळे दुसरी कपाळावर ठेवली की वेगळा रस्ता आणि दंडावर ठेवली की वेगळा. "मी एफ३ वर लावलं" एवढं सांगून काही कळत नाही, दोन्ही जागा आणि कुठली धन कुठली ऋण हे वहीत लिहा.

आता सेशन. सिम्युलेटरवर, फक्त सिम्युलेटरवर. खऱ्या विमानात हे लावायचं नाही आणि ज्या दिवशी खरं उडायचंय त्या दिवशी तर सिम्युलेटरवरही लावायचं नाही, हा माझा नियम आहे आणि यावर मी वाद घालत नाही.

काम एकच निवडा आणि ते छोटं ठेवा. लँडिंग घ्या. छोटं एक इंजिनचं विमान, सेसना १७२ सारखं, रनवेपासून ३ नॉटिकल मैल लांब, साधारण ९५० फूट उंचीवर, म्हणजे ३ अंशाच्या उतारावर बरोबर बसतं. वेग ६५ नॉट, वारा शून्य, वजन तेच, इंधन तेच, वेळ दुपारची. ही स्थिती सेव्ह करून ठेवा आणि दर वेळी तिथूनच सुरू. या वेगाने मिनिटाला साधारण ३४५ फूट खाली यायचं असतं आणि पूर्ण अप्रोच (रनवेकडे उतरत येणं) पावणेतीन मिनिटात संपतो. म्हणजे २० मिनिटांच्या करंटमध्ये रिसेट धरून पाचसहा लँडिंग बसतात.

करंट कधी द्यायचा हा मुद्दा साधा वाटतो पण सगळ्यात जास्त चुकतो तो इथेच. आधी वीस मिनिटं करंट घ्यायचा, मग चहा, मग सराव, असं लोक करतात, चार्जिंग केल्यासारखं. २०११ मध्ये स्टॅग आणि सहकाऱ्यांनी हाताच्या हालचाली शिकवताना बघितलं की धन बाजूचा करंट शिकत असताना दिला तर शिकणं वेगात होतं, शिकण्याच्या आधी दिला तर उलट मंदावतं. त्यामुळे पट्ट्या लावा, करंट चढू द्या, माणूस बसला स्थिर की लगेच पहिलं लँडिंग सुरू, आणि शेवटच्या लँडिंगपर्यंत करंट चालू.

जास्त दिला तर जास्त फायदा हे पण खरं नाही. ऋण बाजूचा करंट नेहमी उत्तेजना कमी करतो असं पुस्तकात असतं, पण २ मिलीअँप २० मिनिटं दिला तर तोच उत्तेजना वाढवतो असं २०१३ मध्ये दिसलं. त्याच वर्षी आणखी एका कामात धन बाजूचा करंट १३ मिनिटं दिला तर उत्तेजना वाढली, न थांबता २६ मिनिटं दिला तर उलट कमी झाली. म्हणून डोस एकदा ठरवा आणि हलवू नका. आज काही जाणवलं नाही म्हणून उद्या अर्धा मिलीअँप वाढवू, हे करणारा माणूस प्रयोग करत नसतो, नुसता हात चालवत असतो.

लँडिंगच्या मधल्या वेळात इन्स्ट्रक्टरने बोलायचं. नुसतं "बरं होतं" नको, एकच गोष्ट सांगायची, "५०० फुटांवर वेग ७२ होता, नाक खाली होतं, पॉवर तशीच ठेवलीस". पुढच्या अप्रोचला तीच गोष्ट बघायची. करंट असो नसो, शिकणं या एका वाक्यातूनच होतं, आणि खरा करंट आणि खोटा करंट अशा दोन्ही गटांना हे वाक्य सारख्याच दर्जाचं मिळालं पाहिजे नाहीतर तुम्ही करंट नाही, इन्स्ट्रक्टर मोजताय.

मोजायचं काय? इथे मूळ प्रयोगाचा धडा घ्या. सरासरी मार्क नुसते काढू नका, विखुरलेपणा काढा. एक्स-प्लेनसारखी सिम्युलेटर उड्डाणाचा डेटा फाइलमध्ये लिहून देतात, त्यातून चार गोष्टी काढा, वेग ६५ पासून किती हलला, उताराच्या रेषेपासून किती वरखाली झालं, रनवेच्या मधल्या रेषेपासून किती बाजूला, आणि टेकताना खाली येण्याचा वेग किती. ठरलेल्या जागेच्या किती पुढेमागे टेकलं तेही घेतलंत तर सोन्याहून पिवळं. प्रत्येकाचं स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे विखुरलेपणाचा आकडा, काढायचं. ज्याची पाच लँडिंग सगळी मध्यम आहेत तो विद्यार्थी, दोन मस्त आणि तीन भयानकवाल्यापेक्षा सोलोच्या, म्हणजे एकट्याने उडवण्याच्या, जवळ आहे, कुठलाही इन्स्ट्रक्टर हेच सांगेल.

खोटा करंट लागतोच. त्याशिवाय केलंत तर डोक्यावर भारी दिसणारं यंत्र लावलेला माणूस जास्त मन लावून उडवतो आणि तुम्ही म्हणता बघा चाललं. खोट्यात यंत्र अर्धा मिनिट करंट चढवतं आणि उतरवतं, सुरुवातीच्या मुंग्या येतात त्यामुळे माणसाला खराच वाटतो. खरा की खोटा हे तिसऱ्याच माणसाने कोड टाकून ठरवायचं, इन्स्ट्रक्टरलाही कळता कामा नये. शेवटी प्रत्येकाला विचारा, तुला काय वाटतं, खरा होता का? सगळ्यांनी बरोबर ओळखलं असेल तर तुमचं झाकण उघडंच होतं.

एकटा माणूस स्वतःवर हे कसं तपासणार असा प्रश्न येतो. खरं सांगायचं तर नीट नाही तपासता येत, कारण एकदा शिकलेलं पुसून परत शिकता येत नाही, दुसऱ्या आठवड्यात बरं झालं ते करंटमुळे की पहिल्या आठवड्याच्या सरावामुळे, काय सांगणार. त्यातल्या त्यात दोन वेगळी कामं घ्या, एक क्रॉसविंड (बाजूच्या वाऱ्यातलं) लँडिंग आणि एक फक्त मीटर बघून उंची-दिशा धरणं, एकावर खरा एकावर खोटा, तरी दोन्हींची अवघडता सारखी नसतेच. गट केलात तर आधी सगळ्यांची पहिल्या दिवशी करंटशिवाय चाचणी, आणि सारख्या मार्कांच्या जोड्या करून वाटायचं. माणसामाणसात फरक प्रचंड आहे, एकाच डोसला काहींचा मेंदू एकीकडे जातो काहींचा दुसरीकडे आणि काहींना ढिम्म काही होत नाही. २०१५ मध्ये हॉरव्हाथ आणि मंडळींनी निरोगी लोकांवर एकाच सेशनचे प्रयोग गोळा करून बघितले तर त्यांना विचार करण्याच्या कामांवर भरवशाचा परिणाम सापडलाच नाही, त्यावर बाकीच्यांनी भांडणं केली ती वेगळी. चारपाच मित्रांवर करून निष्कर्ष काढायचा मोह त्यामुळे आवरा.

आणि आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, जे कुठल्याच जाहिरातीत नसतं. २०१३ चा युक्युलानो आणि कोहेन कडोश यांचा प्रयोग. लोकांना नवीन, बनवलेले अंक शिकवले आणि करंट दिला. डोक्याच्या मागच्या-वरच्या भागावर दिला तर शिकणं वेगात झालं पण शिकलेलं आपोआप वापरता येणं मात्र खालावलं. प्रीफ्रंटलवर दिला तर बरोबर उलटं, शिकणं मंदावलं आणि आपोआपपणा सुधारला. पायलटच्या दृष्टीने हे काय आहे बघा. लँडिंग शिकणं म्हणजे निम्मं काम, खरं काम ते आपोआप होणं, कारण तेव्हाच रेडिओवर टॉवर बोलत असतो, पुढचं विमान रनवेवर रेंगाळत असतं आणि बाजूचा वारा ढकलत असतो. करंटने चार दिवसात स्कोअर वर गेला आणि रेडिओ वाजल्यावर कोसळला तर तो स्कोअर काय कामाचा. म्हणून शेवटच्या चाचणीत करंट बंद ठेवून, लँडिंग करता करता रेडिओवरच्या सूचना परत म्हणायला लावा किंवा १०० मधून सात सात वजा करायला लावा, आणि गो-अराउंड (लँडिंग सोडून परत वर जाणं) अचानक सांगा. दोन्ही गटांत इथे काय होतं ते बघा. मग एका आठवड्याने परत, एका महिन्याने परत. २००९ मध्ये राइस आणि सहकाऱ्यांनी पाच दिवस मोटर कॉर्टेक्सवर करंट देऊन एक हाताचं कौशल्य शिकवलं होतं, तिथे फायदा बराचसा सेशनच्या आत नाही तर दोन सेशनच्या मधल्या काळात झाला होता, आणि तीन महिन्यांनीही फरक टिकून होता. त्याच दिवशीचा स्कोअर बघून टाळ्या वाजवणं किंवा तोंड पाडणं दोन्ही घाईचं.

यावरून झोपेचं. रोज एकच सेशन, मध्ये रात्रीची पूर्ण झोप, चारपाच दिवस. एका दिवसात दोन सेशन कोंबू नका. कॉफी पिणारे असाल तर रोज तेवढीच आणि त्याच वेळी, एक दिवस पिऊन एक दिवस न पिता केलंत तर डेटा गेला.

अमेरिकन हवाई दलाचं नाव पुढे करून यंत्र विकणारे पण भेटतील. त्यांच्या राइट-पॅटरसन हवाई तळावरच्या संशोधकांनी काम केलंय हे खरं, पण त्यातलं गाजलेलं काम जागं राहण्यावरचं, लक्ष टिकवण्यावरचं आहे, ३० तास न झोपलेल्या लोकांना कॉफी की करंट असं. लक्ष टिकणं आणि कौशल्य लवकर येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकाचा पुरावा दुसऱ्याला चिकटवू देऊ नका. बाजारातल्या हेडसेटचं तर २०१६ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनच्या लोकांनी एक तपासलं होतं, त्यात काम करतानाची स्मरणशक्ती सुधारायच्या ऐवजी बिघडलेली निघाली.

सुरू करण्याआधी कागदावर लिहून ठेवा की काय दिसलं तर पुढे जायचं, म्हणजे उदाहरणार्थ खऱ्या गटाचा विखुरलेपणा खोट्या गटापेक्षा महिन्यानंतरच्या चाचणीतही कमी, आणि रेडिओ चालू असताना पण. ते दिसलं नाही तर यंत्र परत करायचं आणि ते पैसे सिम्युलेटरच्या तासांवर लावायचे. कुणाला सेशननंतर दुसऱ्या दिवशीही डोकं दुखत असेल, झोप उडाली असेल किंवा मूड विचित्र वाटत असेल तर त्या माणसाचं तिथेच थांबवा, त्याचा डेटा अपुरा राहिला तरी चालेल.